स्कॉटिश डान्सेस, सहावा आठवडा: लंगडणं थांबलं, झोकांड्या जमेनात

संगीतकार माल्कम आर्नल्डच्या 'फोर स्कॉटिश डान्सेस' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला (१९५७) पहिला नाच माझ्या व्हायोलिनवर नाच वाटतच नाही, कुणीतरी लंगडत चाललंय असं वाटतं, ही मागच्या नोंदीतली रड. कारण सापडलं.

हा नाच स्ट्रॅथस्पेच्या (रुबाबदार चालीचा स्कॉटिश नाच) चालीचा, म्हणजे स्कॉच स्नॅप हा लयीचा झटका आलाच: मात्रेचा पाव भाग आधी, पाऊण नंतर. मी वजन लांब स्वरावर टाकत होतो. ते आखूड स्वरावर हवं, कारण मात्रेवर तोच बसतो. गजाने तिथे चावा घ्यायचा, लांब स्वर आपोआप सुटतो. चार दिवस मेट्रोनोम ६० वर ठेवून, एकही बोट न लावता, मोकळ्या डी तारेवर एवढंच घासलं. शेजारच्या काकूंनी बिजागरीत तेल घालायचा सल्ला दिला. पाचव्या दिवशी धून वाजवली आणि पाय आपसूक हलला.

दुसरा नाच रील, म्हणजे जलद चालीचा. ई फ्लॅट पट्टीत सुरू होतो (गावातला फिडलवाला मोकळ्या तारांसाठी डी नाहीतर ए धरेल) आणि दर आवर्तनाला अर्धा स्वर वर चढतो. धून तीच, बोटांचा नकाशा दर वेळी नवा. एफ शार्पला माझी हमखास गाडी घसरते. जी आला की बॅसून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) तीच धून एकदम संथ, दारू प्यायल्यासारखी वाजवतो, आणि मग सगळा वाद्यवृंद मूळ वेगात घरी, ई फ्लॅटला परततो. बॅसूनचा तुकडा हौसेने व्हायोलिनवर घेतला. लय सैल सोडली की झिंगलेलं नाही, नुसतंच चुकलेलं वाटतं! सध्या पायाने ठेका पक्का धरून फक्त ओळीचा शेवट रेंगाळवतोय. निम्मं जमलंय.

झिंग कशी लिहितात हे ऐकायला संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिसचं 'ॲन ऑर्कनी वेडिंग, विथ सनराइज' (१९८५) पुन्हा लावलं. लग्नातले वाजवणारे पीत जातात, सूर घसरत जातात, आणि शेवटी पहाटेला बॅगपाइप येतो. त्याच्याकडे स्वर नऊच, खाली सतत धरलेला सूर आणि वर कोमल निषाद. आपल्या कानाला खमाज थाट लगेच ओळखू येतो. पाइपचा आवाज मध्ये तोडता येत नाही, म्हणून एकच स्वर दोनदा हवा असेल तर मध्ये निसटता कण टाकतात. तो गज न उचलता करून पाहिला. तिसऱ्या बोटाने बरा येतो, चौथ्याने अजिबात नाही.

पुढचा आठवडा पूर्ण एफ शार्पला.