कुऱ्हाडीचा कप्पा: कुठवर आलंय

मंडळी, इंग्लिश बोलीतले शब्द आणि वाक्प्रचार कुठून आले ते मी एका शीटमध्ये नोंदवतेय, त्यातला कुऱ्हाडीवरून आलेल्यांचा कप्पा आता बराच भरलाय म्हणून अपडेट टाकतेय. नियम नेहमीचाच, गोष्ट कितीही गोड असू दे, जुना लेखी पुरावा हाताला लागल्याशिवाय नोंद हिरवी (म्हणजे पक्की) करायची नाही, पुरावा अपुरा असेल तर पिवळी, आणि कुऱ्हाडीशी संबंधच नसेल तर लाल.

सगळ्यात जास्त वेळ "ॲन ॲक्स टू ग्राइंड"ने खाल्ला, म्हणजे वरवर गोडबोलेपणा आणि आत स्वतःचा मतलब. हे बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर सर्रास खपवलं जातं पण गोष्ट आहे चार्ल्स मायनरची, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरचा संपादक, त्याने १८१० मध्ये छापली, आणि फ्रँकलिन तर १७९० लाच वारला होता. थंडीतली सकाळ, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस एका पोराला बाळा-राजा करून धार लावायचं दगडी चाक फिरवायला लावतो, पोराच्या हाताला फोड यायची वेळ येते, शाळेची घंटा होते, आणि धार लागल्याबरोबर हा माणूस त्यालाच शाळा बुडवतोस होय रे म्हणून हाकलतो. मायनर शेवटी म्हणतो की कुणी गरजेपेक्षा जास्त गोड वागायला लागला की मला वाटतं याला कुऱ्हाडीला धार लावून हवीय. मग फ्रँकलिन कुठून आला? एक तर मायनर "पुअर रॉबर्ट" नावाने लिहायचा आणि फ्रँकलिनचा "पुअर रिचर्ड" (त्याच्या वार्षिक पंचांगावरचं टोपणनाव) आधीच घराघरात माहीत होता. त्यात फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातही कुऱ्हाड आणि धारेच्या चाकाचाच किस्सा आहे, पण त्यातला माणूस सगळं पातं चकचकीत व्हावं म्हणून स्वतःच चाक फिरवून दमतो आणि म्हणतो राहू दे, मला ठिपक्याठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते. दोन चाकं एकमेकांत अडकली, एवढंच. हे सुटलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला.

"बरी द हॅचेट" (शब्दशः कुऱ्हाड पुरणं, म्हणजे वैर मिटवणं) तर मला आतून हलवून गेलं, कारण तिथे कुऱ्हाड खरोखरच पुरली जायची. ईशान्य अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये तह करायची ती रीत होती, हौदेनोसौनी (म्हणजे इरोक्वा) लोकांच्या परंपरेत शांतीच्या पाइन वृक्षाखाली शस्त्रं पुरल्याची कथा आहे, आणि १६८० मध्ये न्यू इंग्लंडमधला सॅम्युएल स्यूअल लिहितो की दोन कुऱ्हाडी जमिनीत पुरल्या आणि त्या लोकांना हा विधी कागदावरच्या कलमांपेक्षा जास्त बांधून ठेवणारा वाटतो. १७६१ मध्ये आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला ब्रिटिश आणि तिथले मूळ रहिवासी मिगमॉ लोक यांच्यात असाच समारंभ झाला. आज दोन नट भांडण मिटवतात तेव्हा बातमीत हेच शब्द येतात, त्यामागे एवढ्या गंभीर शपथा आहेत हे माहीत असायलाच हवं असं मला वाटतं.

"फ्लाय ऑफ द हँडल" पटकन हिरवं झालं. दांडा सैल झाला की घाव घालताना पातं निसटून उडतं, लाकूड फोडणाऱ्या कुणालाही ही भीती सांगावी लागत नाही, आणि भडकलेल्या माणसासाठी हे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॅलिबर्टन या लेखकाने १८४० च्या दशकात वापरलंय. "हॅचेट मॅन" मात्र रक्ताळलेला आहे, १९व्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या टोळ्यांच्या भाडोत्री मारेकऱ्यांना म्हणायचे, पुढे राजकारणात घाणेरडी कामं करणाऱ्याला म्हणायला लागले, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा सहायक चार्ल्स कोल्सन याला तर तो शिक्काच बसला.

कॅन्ससची कॅरी नेशनही घेतलीय. दारूचे गुत्ते कुऱ्हाडीने फोडायची आणि त्याला स्वतःच "हॅचेटेशन" म्हणायची, दंड भरायला छोट्या कुऱ्हाडी विकायची! शब्द फार चालला नाही पण मी काढणार नाही.

गिटारला "ॲक्स" म्हणतात ते रॉकवाल्यांचं वाटतं, पण १९५० च्या दशकातल्या जॅझवाल्यांचं आहे आणि आधी सॅक्सोफोनला म्हणायचे. त्यांच्याकडे "वुडशेड" म्हणजे एकट्याने बसून रियाझ करणं, त्यामुळे लाकडाच्या खोपटात कुऱ्हाड हे मनाला फार पटतं, पण दोन्हींना जोडणारा पुरावा मिळालेला नाही म्हणून नोंद पिवळीच.

लाल केलेल्यांत "चॉप-चॉप" (म्हणजे लवकर लवकर), ते चिनी बंदरांतल्या पिजिन, म्हणजे व्यापारासाठीच्या मोडक्यातोडक्या मिश्र इंग्लिशमधून आलंय, आणि वादकाचे "चॉप्स" (म्हणजे वाजवण्याचं कसब), जे जबड्यावरून आलेत. "गेट द ॲक्स"वर पुढच्या वेळी, नोकरीवर कुऱ्हाड आपल्या पेपरांतही रोजच कोसळते, त्यामुळे दोन्हीकडच्या जुन्या बातम्या शेजारी शेजारी लावून बघणार आहे. कुणाकडे जुन्या मराठी पेपरांची कात्रणं असतील तर नक्की कळवा, तारखेसकट.