लगेच मिळणारं उत्तर

रविवार, रात्री उशिरा

बाबांना ऐकू कमी येऊ लागलं आणि माझी बोलण्याची पद्धतच बदलली. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा बहुतेकांचे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून बाबा म्हणतात, "ऐकू येतंय गं, पण कळत नाही." ते शब्दशः खरं असतं. आपण ओरडलो की पट्टी आणखी चढते, म्हणजे जे त्यांच्यापर्यंत पोचत नाही त्याच बाजूला आपण सरकतो. मग समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, खालच्या पट्टीत, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. वाक्य पोचलं नाही की त्यांच्या कपाळावर आठी, पोचलं की लगेच उत्तर. एवढ्यावर शिकले.

हेच हळूहळू ऑफिसात आलं. बैठकीत एका दमात चार मुद्दे सांगणं सुटलं. नव्या मुलीला काम समजावताना मी आता "कळलं ना?" विचारत नाही, त्या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर कधी मिळालंय? "तू सुरुवात कुठून करशील?" असं विचारते. मग काय पोचलं नि काय नाही, ते तिच्या पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

रोजचं जगणं माणसाला घडवतं, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते अर्धंच पटतं. बैठका मी कितीतरी वर्षं घेतेय, पण त्यांनी मला हे शिकवलं नव्हतं. तिथे लोक नम्रपणे मान हलवतात. मान हलवणाऱ्यांकडून काय शिकणार?

अंतःप्रेरणेवर किती विसंबावं याबद्दल डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची मतं टोकाची वेगळी होती. तरी 2009 मध्ये त्यांनी मिळून एक लेख लिहिला. त्यातला निष्कर्ष असा की अनुभवातून खरी जाण यायला दोन गोष्टी लागतात: परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि आपण बरोबर होतो की नाही हे कळायला हवं. भूलतज्ज्ञाला आपल्या कृतीचा परिणाम काही क्षणांत दिसतो. एक्स-रे वाचणाऱ्याला मात्र आपलं निदान पुढे खरं ठरलं का, हे अनेकदा कळतही नाही. 2005 मध्ये डॉक्टरांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायातली वर्षं वाढतील तशी कामगिरी घसरलेली दिसली. वाचून मला जरा अस्वस्थ व्हायला झालं. डॉक्टरांपेक्षा जास्त स्वतःच्या नोकरीबद्दल, खरं तर.

शिवाय स्मरणशक्ती लबाड असते. 1972 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी लोकांना विचारलं, या दौऱ्यांत अमुक घडण्याची शक्यता किती? दौऱ्यांनंतर त्यांना आपले आधीचे अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण जास्त दिली होती, असं बहुतेकांना 'आठवलं'. कुणी खोटं बोलत नव्हतं. हेच घरोघरी चालतं, "मी तेव्हाच म्हटलं होतं!"

म्हणून हल्ली मी या वहीत घडून गेलेल्यापेक्षा व्हायच्या गोष्टी जास्त लिहिते. रोजनिशीच्या शिस्तीत ते बसत नसेल, पण दिवसभराचं रडगाणं लिहिण्यापेक्षा बरं. अंदाज, त्याचं कारण, आणि किती खात्री. महिन्याने पान उलटलं की कागद हुज्जत घालू देत नाही.

तर, या आठवड्याचं. बुधवारी नवं वेळापत्रक मांडायचंय. हिशेब विभाग विरोध करेल, कारण महिनाअखेरीचा ताण, खात्री बऱ्यापैकी. साहेब मध्ये बोलणार नाहीत, खात्री कमी. बाबांची नव्या श्रवणयंत्राची चाचणी शुक्रवारी. ते "नको" म्हणतील, आणि मग तेच लावून घरी येतील.