स्पेसबार सोडला, पण प्रोग्रामला ते कळलेच नाही

आराखडे पडद्यावर पाहावेत, त्यांच्यावर हाताने खुणा कराव्यात आणि जागोजागी टिपा लिहाव्यात, यासाठी मी क्यूटी हे विंडो, बटणे वगैरे बनवण्याचे टूलकिट वापरून सी प्लस प्लसमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा चित्र रेखाटण्याचा भाग सर्वांत अवघड जाईल अशी माझी समजूत होती. रेखाटन दोन दिवसांत उरकले. माउस आणि कीबोर्डकडून येणारे इव्हेंट, म्हणजे दाबले, सोडले, हलले अशा सूचना, नीट हाताळण्यात मात्र पुढचे जवळजवळ तीन आठवडे गेले. तयार बटणे आणि मजकुराच्या चौकटी वापरताना हे कष्ट दिसत नाहीत, कारण ते कोणीतरी आधीच उपसून ठेवलेले असतात. मी क्यूविजेट या क्यूटीच्या कोऱ्या पायाभूत घटकापासून स्वतःचे विजेट, म्हणजे पडद्यावरचा घटक, बनवत होतो, त्यामुळे ते सगळे माझ्या वाट्याला आले.

सुरुवातीच्या चुका नवशिक्याच्या होत्या आणि त्या लवकर सुटल्या. बटण न दाबता माउस फिरवला तर विजेटला काहीच कळत नव्हते, कारण माउस ट्रॅकिंग आधी चालू करावे लागते हे मला ठाऊक नव्हते. झरझर दोन ठिपके काढले की दुसरा गायब होत असे, कारण दुसऱ्या वेळी साधा प्रेस इव्हेंट न येता त्याच्या जागी डबल-क्लिकचा इव्हेंट येतो, आणि त्याचे फंक्शन मी रिकामेच लिहून ठेवले होते. माउस हलतानाच्या इव्हेंटला ‘कोणते बटण’ असे विचारले की उत्तर नेहमी ‘कोणतेच नाही’ असे येई. त्या प्रश्नाचा अर्थ ‘हा इव्हेंट कोणत्या बटणामुळे झाला’ असा आहे. या क्षणी कोणती बटणे दाबलेली आहेत हे विचारायचे तर अनेकवचनी ‘बटन्स’ हे वेगळे फंक्शन आहे. एका अक्षराच्या या फरकात माझी एक पूर्ण दुपार गेली.

खरी परीक्षा स्पेसबारने घेतली. स्पेसबार दाबून धरला की पंजाचे चिन्ह यावे आणि माउसने आराखडा सरकवता यावा, सोडला की पुन्हा पेन्सिल यावी, एवढीच माझी अपेक्षा होती. कळ दाबल्याच्या इव्हेंटवर एक बूलियन (खरे किंवा खोटे एवढेच धरणारे चल) खरे करायचे आणि सोडल्याच्या इव्हेंटवर खोटे करायचे, असा सरळ हिशेब मी मांडला. प्रत्यक्षात स्पेसबार थोडा वेळ धरून ठेवला की पंजा आणि पेन्सिल आळीपाळीने फडफडू लागत आणि आराखड्यावर नको त्या रेघा उमटत.

कारण शोधण्यासाठी मी टूलकिटच्या एक पायरी खाली उतरलो. माझ्या यंत्रावर एक्स ११ ही विंडो सिस्टीम, म्हणजे विंडो सांभाळणारी आणि इव्हेंट प्रोग्रामपर्यंत पोचवणारी व्यवस्था, होती, आणि तिच्याकडून येणारा प्रत्येक इव्हेंट जसाच्या तसा छापणारा ‘एक्सईव्ही’ हा छोटा प्रोग्राम तिच्यासोबत मिळतो. त्याच्या विंडोत स्पेसबार दाबून धरला तेव्हा ओळींवर ओळी पडू लागल्या: कळक्रमांक ६५ सोडली, ६५ दाबली, पुन्हा सोडली, पुन्हा दाबली. माझे बोट तर कळीवरून हललेही नव्हते. बारकाईने पाहिल्यावर दिसले की ‘सोडली’ आणि तिच्या लगेच पुढची ‘दाबली’ या दोन्ही ओळींवर मिलिसेकंदांपर्यंत तीच वेळ छापलेली आहे. हा ऑटो-रिपीट होता, म्हणजे धरून ठेवलेली कळ पुन्हा पुन्हा दाबल्यासारखी कळवण्याची सोय. एक्स ११ चा सर्व्हर पुनरावृत्ती कळवताना सोडण्या-दाबण्याची जोडी पाठवतो, आणि क्यूटी ती ओळखून दोन्ही इव्हेंटवर ऑटो-रिपीटची खूण करते. ती खूण असलेला इव्हेंट परतवून लावणारी एक ओळ लिहिली आणि फडफड थांबली. (वेलँड या दुसऱ्या विंडो सिस्टीममध्ये ही व्यवस्था वेगळी आहे. तिथे कंपोझिटर, म्हणजे विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, सहसा फक्त वेग आणि सुरुवातीचा विलंब कळवतो, पुनरावृत्ती प्रोग्रामच्या बाजूलाच तयार करावी लागते, आणि ते काम टूलकिट करते.)

एक्सईव्हीच्या त्याच ओळींत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एक्स ११ च्या इव्हेंटमधील ‘स्टेट’ हा आकडा इव्हेंटच्या आधीची स्थिती सांगतो. त्यामुळे डावे बटण दाबल्याच्या ओळीत ते दाबलेले दिसत नाही आणि सोडल्याच्या ओळीत मात्र दाबलेले दिसते. क्यूटीचे ‘बटन्स’ इव्हेंटनंतरची स्थिती सांगते. खालच्या थरातील नोंदी वाचून वरच्या थरातील कोड लिहिणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. मी ते उलट्या क्रमाने शिकलो.

फडफड थांबल्यावर दोन दिवस मी समाधानात होतो. मग प्रोग्राम वापरून पाहणाऱ्या सहकाऱ्याने सांगितले की पंजा कधीकधी अडकून बसतो आणि स्पेसबार पुन्हा एकदा दाबून सोडेपर्यंत जात नाही. माझ्या हातून ते घडेना. शेवटी त्याच्या शेजारी बसून पाहिले, तर तो स्पेसबार धरलेला असतानाच आल्ट-टॅबने दुसऱ्या विंडोकडे जात होता आणि बोट तिथे गेल्यावर उचलत होता. कीबोर्डचे इव्हेंट ज्या विंडोकडे फोकस असतो तिलाच मिळतात, म्हणजे स्पेसबार सोडल्याची खबर त्या दुसऱ्या विंडोला गेली आणि माझे विजेट तिची वाट पाहत राहिले. ‘दाबले’ आले म्हणजे कधीतरी ‘सोडले’ येणारच, या गृहीतावर माझा सगळा कोड उभा होता, आणि असे वचन विंडो सिस्टीमने कधीच दिलेले नव्हते.

तेव्हा मी अर्धवट राहू शकणाऱ्या सगळ्या गोष्टी एका कागदावर लिहिल्या: चालू असलेले सरकवणे, ओढली जाणारी रेघ, कोपरा धरून आकार बदलणे. त्या सर्व एकदम मिटवणारे ‘सगळे सोडून दे’ असे एकच फंक्शन केले. फोकस जाण्याच्या इव्हेंटमधून ते बोलावले. उजव्या क्लिकचा मेनू उघडतानाही फोकस जातो, फक्त त्याचे कारण ‘पॉपअप’ असे नोंदवलेले असते. तेवढ्यापुरते फंक्शन टाळावे असे मला आधी वाटले, पण मेनू उघडा असताना पंजा अडकवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून अपवाद केला नाही.

माउसच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी असते. बटण दाबले की ते सुटेपर्यंत माउसचे इव्हेंट त्याच विजेटला मिळत राहतात, बाण विंडोच्या बाहेर गेला तरीही. मात्र रेघ ओढत असताना मध्येच ‘फाइल बदलली आहे, पुन्हा उघडू का’ अशी संवादचौकट माझ्याच प्रोग्रामने समोर आणली, तेव्हा सोडल्याचा इव्हेंट मला मिळाला नाही, आणि ती चौकट मिटवल्यावर बटण न दाबताच रेघ बाणामागे धावू लागली. यावर उपाय सोपा निघाला: माउस हलल्याच्या प्रत्येक इव्हेंटमध्ये ‘बटन्स’ तपासायचे आणि डावे बटण त्यात नसेल तर ओढणे तिथेच संपवायचे.

झूमसाठी वापरलेल्या माउसच्या चाकाबद्दल थोडक्यात सांगतो. चाकाचा कोन अंशाच्या आठव्या भागात येतो. साध्या माउसचा एक खटका १५ अंशांचा, म्हणून १२०. मी सरळ १२० ने पूर्णांक भागाकार केला होता, आणि टचपॅडकडून लहान आकडे आले की उत्तर शून्य येऊन झूम जागचे हलत नसे. आता उरलेली बाकी मी पुढच्या इव्हेंटसाठी जपून ठेवतो.

शेवटचा टप्पा टिपांचा होता. मी स्वतः इन्स्क्रिप्टने लिहितो. ती साधी कीबोर्ड रचना असल्यामुळे कळ दाबल्याच्या इव्हेंटमधील मजकुरात देवनागरी अक्षर थेट मिळत होते आणि सर्व काही ठीक आहे असे मला वाटत होते. रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्याच्या हातात प्रोग्राम गेला, तेव्हा त्याच्या टिपेत रोमन अक्षरेच उमटली. अशा लेखनात इनपुट मेथड, म्हणजे दाबलेल्या कळांचे अक्षरांत रूपांतर करणारा प्रोग्राम, मध्ये असते: रोमन अक्षर ‘के’ दाबल्यावर ‘क्’ दिसतो, पुढे रोमन ‘ए’ दाबल्यावर त्याचाच ‘क’ होतो, आणि तोवरचा मजकूर अधांतरी असतो. विजेटने इनपुट मेथड स्वीकारत असल्याचे आधी जाहीर करावे लागते, मग तिच्या स्वतंत्र इव्हेंटमधून अधांतरी मजकूर आणि पक्का मजकूर वेगवेगळे मिळतात. अधांतरी मजकूर अधोरेखित करून दाखवणे हे विजेटचेच काम, आणि पर्यायांची चौकट योग्य जागी उघडावी म्हणून कर्सर कुठे आहे हे सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.

हे जमल्यावर मी अधांतरी ‘क्’ तसाच ठेवून टिपेत दुसरीकडे क्लिक करून पाहिले. कर्सर तिकडे गेला आणि पुढची कळ दाबताच ‘क’ही तिकडेच उमटला. इथे फोकस त्याच विजेटकडे राहिलेला असल्यामुळे माझे ‘सगळे सोडून दे’ चालले नव्हते. आता क्लिकवर कर्सर हलवण्याआधी मी इनपुट मेथडला हातातला मजकूर पक्का करायला सांगतो, आणि ‘क्’ जिथे लिहिला होता तिथेच राहतो.