खानावळीत थर्मामीटर आणला त्याची गोष्ट

तारकर्लीला पर्यटक वाढले तशी आमच्या मालवणातल्या खानावळीची उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या वर गेली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे साधी नोंदणी पुरेना, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा परवाना काढावा लागला. पोर्टलवर अर्ज, स्वयंपाकघराचा नकाशा, विहिरीच्या पाण्याचा अहवाल, कामगारांची वैद्यकीय तपासणी. कटकट आहे, पण होऊन जातं. 14 आकडी नंबर आला, गल्ल्यामागे टांगला.

खरं काम लागलं ते फॉस्टॅक या एफएसएसएआयच्याच अन्नसुरक्षा प्रशिक्षणानंतर. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस लागतो, म्हणून मी जाऊन आलो. तिथे हॅसप पद्धत शिकवली. 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनीने ती बसवली. (अंतराळात पोट बिघडलं तर जाणार कुठे!) तयार पदार्थ तपासत बसायचं नाही, तो कुठल्या टप्प्यावर बिघडू शकतो ते आधी हुडकायचं, त्या टप्प्याला आकडा लावायचा आणि रोज मोजायचं.

जून-जुलैत मासेमारी बंद, गिऱ्हाईक तुरळक. तेव्हा काकीला घेऊन बसलो आणि एकेक पदार्थ कागदावर मांडला. कोंबडीच्या रश्शाला खळखळून उकळी असते, तिथे फार डोकं लावावं लागलं नाही. अडलो ते बांगड्यापाशी.

मला वाटायचं, मासा कडक तळला की काम झालं. बांगडा, तारली, कुपा यांचं तसं नाही. मासा उन्हात राहिला की त्यातले जिवाणू हिस्टामाइन तयार करतात, आणि ते एकदा तयार झालं की तळून, उकळून, गोठवून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. म्हणजे बांगड्याचा नाजूक टप्पा तव्यावर नाही, दारात आहे. काकी कल्ले उघडून लाली बघते, डोळे बघते. मी माशाच्या पोटात थर्मामीटरची सळी खुपसली तेव्हा म्हणाली, "माका नको तुझा ता यंत्र. डोळे बघून कळता." शिळा मासा तिला कळतो, यात वादच नाही. पण हिस्टामाइनला वास येईलच असं नाही. शेवटी दोन्ही ठेवलं: कल्ले काकी बघणार, तापमान मी. आकडा 5 अंशांच्या वर दिसला तर मासा होडीतून कधी उतरला, बर्फात कधी गेला हे विचारायचं. नीट उत्तर नाही, तर मासा घ्यायचा नाही. वर्षानुवर्षं मासे देणारी मावशी यावर आठवडाभर रुसली, मग स्वतःच बर्फाचा डबा घेऊन यायला लागली.

सोलकढीचा प्रश्न वेगळा. नारळाचा रस आणि कोकमाचं आगळ, चुलीवर चढतच नाही. जंतू मरतील असा टप्पाच नाही. पूर्वी सकाळी मोठं पातेलं भरायचं आणि ते दुपारभर ओट्यावर. मे महिन्यातल्या उकाड्यात ते पातेलं जंतू भराभर वाढतात त्या 5 ते 60 अंशांच्या धोक्याच्या पट्ट्यात मधोमध. आता अर्धे नारळ सकाळी, उरलेले जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आधी वाटतो. कढी फ्रिजमध्ये राहते, लागेल तशी जगमध्ये काढतो, आणि रात्री उरलेली ओतून देतो. काकीला ते ओतणं अजून बघवत नाही.

वहीचं रामायण मात्र निराळं. फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्यात रोज दोन्ही वेळा 4 अंश, एकाच शाईत, एकाच हाताने. पोरगा रात्री बसून सगळं भरत होता. ओरडून काही झालं नसतं. का भरलं नाहीस? वेळ नव्हता. का नव्हता? दुपारच्या नोंदीची वेळ एक वाजताची, म्हणजे ऐन पंगतीची. ती अकराला नेली, तक्ता फ्रिजच्या दारावरच दोरीने पेन बांधून लावला. तेव्हापासून त्यात 3, 6, 5 असे आकडे दिसायला लागले. 6 दिसला म्हणून दार तपासलं, तर रबर फाटलेलं.

तेल किती वेळा वापरायचं याला 25 टक्के पोलर घटकांची (तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की हे वाढतात) मर्यादा आहे, पण ते मोजायचं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं. तळणाचं तेल आम्ही दुसऱ्या दिवशी वापरतच नाही.

पुढे एका सल्लागाराने आयएसओ 22000 हे अन्नसुरक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायचा आग्रह धरला. निर्यात करणाऱ्या कोळंबीच्या कारखान्याला ते हवंच असेल. आमच्या आठ टेबलांना नाही. त्या पैशांत दुसरा डीप फ्रीझर आणि इन्व्हर्टर घेतला.