पहिली एल्क शिकार: शिंगं मोजायची की खेपा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता दीडशे यार्डांवरचा एक नर एल्क (फाटेदार शिंगांचं मोठं अमेरिकी हरीण) मी सोडून दिला. वारा माझ्या तोंडावर होता, रायफल ओंडक्यावर टेकवलेली होती, जनावर आडवं उभं होतं आणि पूर्णपणे कायदेशीर होतं. सोडला, कारण शिंगं मला बारीक वाटली. आयुष्यातली ही पहिली शिकार, आणि मी मंडईत भेंडी निवडावी तसा जनावर निवडत होतो. पुढचे पाच दिवस त्याची किंमत मोजण्यात गेले.

आधी जागा सांगतो. कोलोरॅडोच्या वायव्येला फ्लॅट टॉप्स नावाचा पठारी डोंगराळ टापू आहे. डेन्व्हरहून आय-७० महामार्गानं पश्चिमेला रायफल गावापर्यंत (हो, गावाचं नावच रायफल) आणि तिथून उत्तरेला मीकर. एकूण साडेतीनशे किलोमीटर. मीकरमधून व्हाइट नदीच्या काठानं पूर्वेला ट्रॅपर्स लेककडे रस्ता चढत जातो. १९१९ मध्ये वनखात्यानं आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण आराखडाकाराला या तळ्याकाठी बंगल्यांसाठी प्लॉट आखायला पाठवलं, आणि त्यानं परत येऊन सांगितलं की इथे काही बांधू नका. अमेरिकेत काही न बांधता रान तसंच राखायची कल्पना रुजण्यात या तळ्याचा वाटा मोठा. त्याही आधी हे सगळं यूट लोकांचं रान होतं. १८७९ मधल्या संघर्षानंतर त्यांना इथून यूटा राज्यात हाकललं गेलं. मीकर हे गावाचं नाव त्या संघर्षात मारल्या गेलेल्या सरकारी एजंटाचं.

आमचा तंबू २,९०० मीटरवर होता आणि रोजची चढाई ३,२०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ कळसूबाईवर कळसूबाई. मी डेन्व्हरला चौदा वर्षं राहतो, तरी पहिले दोन दिवस डोकं दुखलंच. सपाटीवरून येणाऱ्यांनी दोन दिवस आधी पोचावं. पाणी तहान लागण्याआधी प्यावं आणि पहिल्या रात्री बिअर टाळावी.

मूळचा मी कुडाळकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, पडवीत खुंटीला टांगलेली. ती उडालेली मी कधी ऐकली नाही. मी जन्मलो तेव्हा १९७२ चा वन्यजीव कायदा जुना झाला होता आणि शिकार घरात फक्त गोष्टींपुरती उरली होती: हाकारा, मचाण, डुकराचे वाटे. इथे मात्र शिकार कायदेशीर आहे आणि शिस्तीत चालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जेमतेम हजाराच्या आसपास उरले होते. शिकार बंद करून आणि वायोमिंगहून कळप आणून सोडून ते पुन्हा वाढवले. आज अडीच-तीन लाखांच्या घरात आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सगळ्यात आधी. तुम्ही एच-वन-बी किंवा तसल्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असाल, तर बंदूक हाताळण्यावर संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यात सूट मिळते, पण मित्रानं सांगितलं म्हणून रेंजवर जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-शिक्षणाचं कार्ड लागतं. सलग सहा महिने राज्यात राहिलात की रहिवासी दर मिळतो. बाहेरच्यांना नर एल्कचा परवाना रहिवाशापेक्षा दहापटीहून महाग पडतो. माझ्याकडे दोन परवाने होते. एक दुसऱ्या रायफल हंगामाचा, काउंटरवर सहज मिळणारा नराचा. दुसरा परवान्यांच्या सोडतीनंतर उरलेल्यांतून घेतलेला मादीचा. तो घ्या असं शेजाऱ्यानं सांगितलं होतं. मी जरा नाक मुरडूनच घेतला.

हा शेजारी माझा सोबती, वय एकसष्ट, तीस वर्षं याच रानात येणारा. गाडीत मी त्याला माझा बेत ऐकवला. सहा फाट्यांचा नर, नाहीतर काही नाही. तो म्हणाला, "बरं." त्याच्या "बरं"चा अर्थ मला सात दिवसांनी कळला.

आता त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळकडे. या भागात नर कायदेशीर ठरायला एका शिंगाला चार फाटे हवेत, किंवा भुवईवरचा पहिला फाटा किमान पाच इंच हवा. अर्धवट उजेडात दुर्बिणीतून फाटे मोजणं म्हणजे वाऱ्यात हलणाऱ्या फांदीची पानं मोजणं. म्हणून दुर्बीण चांगली घ्या. रायफलीवर कमी खर्च केलात तरी चालेल. माझी थ्री-ओ-एट (.३०८ कॅलिबरची) रायफल जुनी, सेकंडहँड, आणि तिची एकदाही तक्रार नव्हती. तो नर स्प्रूसच्या झाडांच्या कडेनं गवतात आला, मान वर केली, आणि मी मोजले: एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. तीनेक वर्षांचा असावा. चापावर बोट होतं. मग डोळ्यांसमोर फोनवर पाहिलेले ते सगळे फोटो आले, झाडासारखी शिंगं आणि मागे हसणारी माणसं. मी बोट काढलं. तो आणखी तीन-चार मिनिटं चरला. गाडी तिथून आठशे मीटरवर होती, उताराच्या दिशेनं. सोबती बाजूलाच होता. त्यानं थर्मासमधला चहा ओतला आणि काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी लेंड्या ताज्या, माग ताजे, एका ठिकाणी तर गोठ्यासारखा दाट वास, म्हणजे कळप नुकताच उठून गेलेला. दिसलं काहीच नाही. पाचव्या दिवशी अर्धा फूट बर्फ पडला आणि आमचे पाय पडलेल्या झाडांवरून ओलांडून ओलांडून गेले. या पठारावर १९४० च्या दशकात स्प्रूस पोखरणाऱ्या किड्यांनी मोठं जंगल मारलं, आणि २००२ मध्ये तळ्याभोवती मोठा वणवा लागला. नकाशावर एक किलोमीटर दिसतो, पायाला तो तीन वाटतो. नवख्यानं नकाशातलं अंतर तिप्पट धरावं.

नर का दिसत नाहीत, हे तिथेच नीट समजलं. सप्टेंबरात माजाच्या काळात ते हंबरडे फोडत फिरतात, जागा स्वतःच सांगतात. ऑक्टोबरच्या शेवटी थकलेले असतात. माद्यांपासून वेगळे होऊन दाट झाडीतल्या उत्तर उतारांवर गप्प पडून राहतात, उजाडताना आणि मावळताना थोडे बाहेर येतात. वाऱ्याचंही गणित आहे. पहाटे थंड हवा दरीत उतरते, ऊन चढलं की वर सरकते. म्हणून आम्ही पहाटे खालून वर जात होतो आणि नवानंतर कडेकडेनं. एकदा हवा फिरलेली लक्षात आली नाही आणि वरच्या झाडीतून खुरांचा नुसता गडगडाट ऐकू आला. डोळ्यांच्या आधी नाक असतं त्यांचं.

या राज्यात साधारण पाच शिकाऱ्यांपैकी एकाला एल्क मिळतो. सोप्या परवान्याच्या सार्वजनिक रानात तर कमीच. आता त्यात "सहा फाट्यांचाच" अशी अट घाला आणि काय उरतं बघा. मी हे आकडे जाण्यापूर्वी वाचले होते. वाचलेलं आणि पाचव्या दिवशी ओल्या मोज्यांत बसून आठवलेलं, यात फरक असतो.

सहाव्या संध्याकाळी खरोखरच मोठा नर दिसला. सहा बाय सहा, मान काळी, पलीकडच्या दरीत तीनशेहून जास्त यार्डांवर, आमच्यापासून दोन-अडीचशे मीटर खाली. उजेड वीस मिनिटांचा. मी रायफल पाठीवरून काढली. सोबती पहिल्यांदाच स्वतःहून बोलला.

"मारशील कदाचित. वर कोण आणणार? मी एकसष्ट वर्षांचा आहे."

हा संरक्षित वनप्रदेश आहे. इथे इंजिन नाही, करवत यंत्राची नाही, चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. घोडे नसतील तर सगळं पाठीवर. मोठ्या नराचं वजन तीनशे किलोच्या पुढे जातं. चारही फरे, पाठीच्या पट्ट्या आणि आतल्या मऊ पट्ट्या काढून आणणं कायद्यानं बंधनकारक आहे, शिंगं घेऊन निघालात आणि मांस सोडलंत तर तो गुन्हा. त्यात माझा सराव दोनशे यार्डांचा. जखमी जनावर रात्री दरीत शोधायचं ही कल्पनाच नको वाटली. रायफल परत पाठीवर टाकली. आठवड्यातला हा माझा दुसरा नकार, आणि पहिला शहाणा.

त्या रात्री तंबूत मी वहीत नवे नियम लिहिले. जे पहिलं कायदेशीर जनावर, नर असो वा मादी, दोनशे यार्डांच्या आत, टेकू असताना, उजेड किमान तासभर शिल्लक असताना आणि दोन माणसांना दीड दिवसात वाहून आणता येईल अशा जागी मिळेल, ते घ्यायचं. शिंगांबद्दल एक शब्द नाही. तुम्हीही हे घरीच, जाण्यापूर्वी लिहा. जनावर समोर आल्यावर डोकं चालत नाही, लिहिलेलं चालतं. अपवाद एकच मानतो. काही मर्यादित विभागांसाठी लोक वर्षानुवर्षं सोडतीत प्राधान्य देणारे गुण साठवतात. तसा परवाना हातात आला तर थांबायला अर्थ आहे, कारण तिथे थांबण्याजोगे नर असतात. पण तो सहसा कुणाचा पहिला परवाना नसतो.

सातव्या सकाळी आठ वाजता पाच माद्या ॲस्पेनच्या राईतून एका ओळीत आल्या. एकशेचाळीस यार्ड. त्यातली एक थांबली, आडवी, मागे दुसरं जनावर नाही याची खात्री केली (गोळी आरपार जाते, हे विसरू नका) आणि खांद्यामागे नेम धरला. ती साठेक पावलं गेली आणि बर्फात बसली, मग कलली. आम्ही वीस मिनिटं जागचे हललो नाही. जवळ गेल्यावर माझे हात थरथरत होते. आजी कोंबडं कापण्याआधी त्याच्या चोचीत पाणी घालायची. मला उशीर झाला होता, तरी बाटलीतलं थोडं पाणी तिच्या तोंडाशी ओतलं. सोबत्यानं टोपी काढली, विचारलं काही नाही.

मग काम. परवान्याच्या टॅगवर सही करून तो आधी जनावराला लावा, फोटो नंतर. कोथळा न काढता सोलायची पद्धत शिकून जा. एका कुशीचं कातडं सोलून दोन फरे आणि पाठीची पट्टी काढायची, मग जनावर पालटायचं. नर की मादी याची खूण एका भागाला जोडलेलीच ठेवावी लागते, सवयीनं छाटू नका. दोन धारदार सुऱ्या, दोरी, सहा जाळीदार पिशव्या आणि भगवा जाकीट काम करतानाही अंगावर. नारिंगी किंवा गुलाबी झळाळता कपडा ५०० चौरस इंच आणि तशीच टोपी, हा नियम आहे. मांसाचा शत्रू उष्णता. कातडं लगेच काढा, पिशव्या सावलीत टांगा. रस्ता दोन किलोमीटरवर होता. दोघांच्या मिळून पाच खेपा झाल्या, शेवटची दुसऱ्या दिवशी दुपारी. हाडं काढून त्रेसष्ट किलो मांस भरलं. दर खेपेला मला दुसऱ्या दिवशीचा तो आठशे मीटरवरचा नर आठवत होता, आणि दरीतला सहा फाट्यांचा त्याहून जास्त.

शिंगं किंवा कातडं भारतात न्यायचा विचार सोडून द्या, फुकट कटकट. डोकं मात्र तपासणीला द्या. या भागातल्या हरणवर्गात सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा असाध्य रोग आहे, तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच दिसला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असंच आरोग्य खातं सांगतं. निकाल येईपर्यंत मी मांस पाकिटांवर क्रमांक घालून फ्रीझरमध्ये ठेवलं, कुणाला वाटून दिलं नाही.

आईला फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "म्हशीयेवढ्या जनावराचा तू करतलस काय?" वाटे पाडणार, म्हटलं. निम्मे सोबत्याचे, चार घरं मराठी मंडळींची, एक घर ऑफिसातल्या मित्राचं. मादीचं मांस नरापेक्षा कोवळं असतं, हे सगळेच सांगतात. चरबी जवळजवळ नाही, म्हणून पाठीची पट्टी तव्यावर जेमतेम परतायची. पायाचे तुकडे मात्र भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात आणि मालवणी मसाल्यात. अकराव्या दिवशी निकालाचा ईमेल आला, रोग आढळला नाही. त्या संध्याकाळी कुकरच्या सात शिट्ट्या काढल्या. आठवी काढायला हवी होती.