थिसिसचा आकडा फळीवर चुकतो

एम.डी. बालरोगच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा विषय होता, दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेला होता, एथिक्स कमिटीचं पत्र हातात होतं. मोजणी सुरू करण्याआधीचा एक दिवस आम्ही सरावाला ठेवला: 10 फेब्रुवारी, एक अंगणवाडी, 10 मुलं. रेसिडेंट आणि मी, दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता प्रत्येक मुलाची लांबी घ्यायची. दोन वर्षांखालचं मूल लांबी मोजायच्या फळीवर झोपवून मोजतात: डोक्याकडची फळी पक्की, पायाकडची सरकती. उभं करून मोजलं तर आकडा साधारण 0.7 सेंमीने कमी भरतो.

दुपारी वह्या शेजारी ठेवल्या. सेंमीत फरक असे निघाले: 0.3, 0.5, 1.6, 0.4, 0.2, 0.9, 0.6, 0.3, 1.1, 0.5. या फरकांच्या वर्गांची बेरीज 5.82, तिला मुलांच्या दुपटीने म्हणजे 20 ने भागलं आणि वर्गमूळ काढलं. मोजमापातली तांत्रिक चूक, म्हणजे दोन मोजणाऱ्यांच्या आकड्यांतली सरासरी तफावत सांगणारा आकडा, 0.54 सेंमी आली. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे तक्ते बनवताना दोन मोजणाऱ्यांत 7 मिलिमीटरपर्यंतच फरक चालवून घेतला होता. आमची तीन मुलं त्याबाहेर.

1.6 वाली मुलगी पुन्हा फळीवर घेतली. तिच्या डोक्यावर रबर लावलेली शेंडी होती. ती सोडली नव्हती, त्यामुळे डोकं पक्क्या फळीला टेकतच नव्हतं. बाकी दोघांत गुडघा नडला. एकच पाय दाबला की मूल कंबरेत वाकतं. डोकं धरणारा माणूस वेगळा हवा: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक यांना जोडणारी रेघ मूल झोपलेल्या फळीला काटकोनात. दुसऱ्याने एका हाताने दोन्ही गुडघे खाली दाबायचे, दुसऱ्या हाताने सरकती फळी दोन्ही टाचांना भिडवायची. रेसिडेंटच्या वहीत आणखी एक खोड दिसली: दहापैकी सात आकडे शून्य किंवा पाचवर संपत होते, म्हणजे मिलिमीटर न वाचता आकडा गोल केला जात होता.

"सर, मूल रडतं तेव्हा मिलिमीटर कुठे दिसतो?"

दिसतो. फळी लागली की आकडा आधी मोठ्याने म्हणायचा, मदतनीसताईंनी तो परत म्हणून लिहायचा, मगच पाय सोडायचे.

सरकत्या फळीचा स्क्रूही ढिला होता. 60 सेंमीचा लोखंडी पाइप ठेवला तर फळी कलती होऊन 60.4 दाखवत होती. हा पाइप तेव्हापासून रोज सकाळी सोबत जातो.

संध्याकाळी एक्सेल उघडलं, आणि सकाळपेक्षा मोठी गडबड तिथे निघाली. जन्मतारखांच्या रकान्यात काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे. लॅपटॉप अमेरिकन पद्धतीवर होता, म्हणजे महिना आधी. 21/03 सारखी तारीख त्याला कळत नाही, ती तो मजकूर म्हणून डावीकडे टाकतो. 02/01 मात्र त्याला 'कळते', आणि चुकीची कळते. एका मुलाच्या माता-बाल कार्डावर 2 जानेवारी होतं, एक्सेलने त्याला 1 फेब्रुवारीचं केलं. लांबी 71.6 सेंमी. मुलग्यासाठी वजा दोन एसडीची (प्रमाण विचलनाची) रेघ, जिच्या खाली मूल खुजं धरतात, 12 पूर्ण महिन्यांना 71.0, 13 पूर्ण महिन्यांना 72.1. कार्डाप्रमाणे तो 13 महिन्यांचा, म्हणजे खुजा. एक्सेलप्रमाणे 12 महिन्यांचा आणि ठणठणीत. असल्या चुकीला सॉफ्टवेअर लाल झेंडा दाखवत नाही, कारण दोन्ही वयं पटण्यासारखी आहेत.

आता दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने आहेत, आणि कार्डाचा मोबाइलवर फोटो, नाव झाकून. स्क्रू आवळून तीच मुलं दोन दिवसांनी पुन्हा मोजली. चूक 0.2 सेंमीवर आली. शेंडीवाली मुलगी या वेळी केस मोकळे सोडूनच आली, आईच्या लक्षात राहिलं होतं.