अव्वा, किती माणसं लिहू?

सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. रेशन कार्डात नाव चढवा, उतरवा, दाखले काढा, दिवसभर हेच. त्यामुळे कुणाच्या घरात किती माणसं, हे मला त्यांच्या पाहुण्यारावळ्यांपेक्षा जास्त ठाऊक.

2006 साली इथं 10,000 घरं मिळाली ती विडी कामगारांना. विड्या वळणार बाया, पुरुष यंत्रमागावर. आमची आई कामगार पुढारी आडम मास्तरांच्या मोर्चात चपला झिजवून आली, तेव्हा मी चौथीत होतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीतून आम्ही इकडं आलो.

घर बायांच्या विडीवर मिळालं, तरी फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' आलं की बाया सवयीनं नवऱ्याचं नाव सांगतात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातली थोरली बाईच प्रमुख. हे सांगितलं की काहीजणी पदर सावरून बसतात, काहीजणी हसतात.

परवा शेजारच्या गल्लीतली अव्वा, म्हणजे तेलुगूत आजी, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला आली. अंगठा काही उमटेना. पन्नासेक वर्षं तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. बोटांवर रेघा राहिल्यात कुठं! ओल्या फडक्यानं पुसून एकेक बोट लावून बघितलं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट घेतलं मशीननं. अव्वा जिवंत निघाली.

मग तिनं पिशवीतून रेशन कार्ड काढलं.

"घरात कोण कोण, अव्वा?"

ती स्वतः, नवऱ्यानं टाकलेली थोरली लेक, लेकीची दोन पोरं. धाकटा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला, त्याची बायको.

"धाकट्याला तर रे नगरात घर लागलंय की."

लागलंय. रे नगर म्हणजे कुंभारीतलीच कामगारांची नवी वसाहत. तिथल्या 30,000 घरांपैकी पहिल्या 15,000 च्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला वाटल्या, त्यात सुनेच्या नावानं. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावावर नाहीतर जोडनावावर, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, बिनलग्नाची मुलं. म्हणजे अव्वा सुनेच्या कुटुंबात नाही. पण सून झोपायला तिकडं, जेवायला इकडं. तिची पिठाची डबीसुद्धा अव्वाच्याच फळीवर.

"आणि आजोबा?"

"त्याचं नाव काढ."

"का? आहेत की."

"हाय. रात्री येतो."

मी हसलो. ती नाही हसली.

नाव काढायला मृत्यूचा दाखला नाहीतर तसा काही कागद लागतो, हे तिला तेलुगूत दोनदा समजावलं.

"मग किती लिहू?"

"पिठाला सात लागतात. तुझ्या कागदात बसतील तेवढे लिही."

पाच लिहिले. आजोबा धरून.